बिरूमामांची अर्धी गोळी

बिरूमामांना एकट्यानं काही खाता येत नसे. आई त्यांना भाकरी-पिठलं द्यायची, तर ते बांधावर बसून आधी भाकरीचे तुकडे करायचे. एक हौसामामीला, एक कुत्र्याला, एक आम्हा पोरांपैकी जे जवळ असेल त्याला, आणि उरलेला स्वतःला. आईला याचा भयंकर राग यायचा. “आवं बिरूभावजी, ह्या पोरांस्नी घरात भाकरी हाय की! तुमी खावा निवांत.” त्यावर मामा हसायचे, “एकट्यानं खाल्लेलं घशाखाली उतरत न्हाई वैनी.” आम्ही पोरं मात्र घरची भाकरी टाकून त्यांच्या तुकड्यासाठी टपून असायचो. का ते आजही सांगता येणार नाही. तीच ज्वारी, तीच चूल, तीच आई. पण मामांच्या हातची भाकरी जास्त गोड लागायची, हे खरं.

ते जतकडचे मेंढपाळ; नात्याचे नव्हेत, पण आम्ही पोरं त्यांना मामाच म्हणायचो. दिवाळी झाली की त्या कोरड्या मुलखातून मेंढरं घेऊन नदीकाठाकडं उतरायचे आणि पलूसजवळच्या आमच्या रानात येऊन थांबायचे. ऊस तुटलेल्या रानात काही रात्री मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं, म्हणून आमचे आबा त्यांची वाट बघत असायचे. कळप दिसायच्या आधी मामांची हाळी ऐकू यायची, आणि मामांच्या मागून डोक्यावर बोचकं, कडेला कोकरू घेतलेली हौसामामी. मामी बुटकी, चपळ आणि कमी बोलणारी. बोलायचं काम तिनं मामांवर सोपवलेलं होतं, आणि ते त्यांनी दोघांच्या वाटचं केलं.

मामांचं मेंढरांच्या डॉक्टरकीचं एक शास्त्र होतं. एक मेंढरू खोकलं तरी ते अख्ख्या कळपाला औषध पाजायचे. मी लहानपणी विचारलं होतं, “मामा, बाकीची तर बरी हाईत की!” मेंढराचा जबडा बगलेत धरून, बाटली तोंडात सारत ते म्हणाले, “आजार काय एकाचा असतोय व्हय लेकी? कळपाचा असतोय. आन ध्यानात ठेव, पयल्यांदा अशक्ताला पाजायचं. दांडगं काय, थांबतंय.” तेव्हा मला ते फार मोठं शहाणपण वाटलं होतं. मेंढरांच्या बाबतीत ते शहाणपणच होतं.

मी पुढं शिकले आणि सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात लागले. तिथं नव्या औषधांच्या चाचण्या चालतात. माझं काम डॉक्टरांच्या मानानं सोपं आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. चाचणीत येणाऱ्या माणसाला बसवून सांगायचं, की हे औषध अजून बाजारात नाही, याचा उपयोग होईल किंवा होणार नाही, त्रासही होऊ शकतो, आणि तुम्ही कधीही, कारण न सांगता, सोडून जाऊ शकता. हे सगळं समजलं तरच सही करायची. आमच्या भागातली माणसं हे ऐकताना दोन गोष्टी करतात. एक म्हणजे घाबरतात. “आमच्यावर प्रयोग करताय व्हय?” ही माणसं मला आवडतात, कारण त्यांनी ऐकलेलं असतं. दुसरी जात हात जोडणाऱ्यांची. आष्ट्याचे एक आजोबा मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “बाई, कुठं आंगठा लावायचा तेवढं दावा. तुमी काय आमचं वाईट करणार हाय?” असल्या विश्वासाचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तो माणूस उठून गेल्यावरही तो विश्वास टेबलावरच पडून असतो, आणि माझी चिडचिड होते.

बिरूमामा आमच्याकडे आले ते पलूसच्या शिबिरात त्यांच्या रक्तात थोडी साखर निघाली म्हणून. नुकतीच लागलेली, कसलंही औषध न घेतलेली, हलकी साखर असलेली माणसं आम्हाला हवीच होती. मामा एकटे येतील कसे? हौसामामी बरोबर होतीच. तिला साखर जुनी होती, रक्तदाबही होता, आणि सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या ती कित्येक वर्षं घेत होती. मला टेबलामागं बघून मामांना इतका आनंद झाला, की त्यांनी माझ्या साहेबांना, म्हणजे चाचणीच्या डॉक्टरांनाच, माझी ओळख करून दिली. “ही आमची पोरगी. हिनं माज्या खांद्यावर बसून मेंढरं राखल्याती.”

मी त्यांना सगळं सांगितलं. ओळखीचा माणूस म्हणून दुप्पट सांगितलं. शेजारी साक्षीदार म्हणून एक निवृत्त मास्तर बसले होते, समोर कॅमेरा होता. कॅमेऱ्यासाठी मामांनी मुंडासं सोडून पुन्हा बांधलं. अर्ध्या माणसांना खरं औषध मिळेल आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला कुठली ते मलाही माहीत नसेल, हे सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हंजे एका कळपाचं दोन कळप करायचं. एकाला औषध, एकाला नुसतं पाणी, आन मग बगायचं. व्हय न्हवं?” डॉक्टर हसले. मी म्हटलं, “व्हय मामा, तसंच.” त्यांनी लगेच विचारलं, “मग पाणी मिळालेल्याचं काय?” मी सांगितलं, की साखर हलकी आहे, आम्ही दर महिन्याला तपासू, वाढली तर गोळी बंद करून खरं औषध सुरू करू. आणि हेही सांगितलं, की ही गोळी चालू असताना दुसरं कुठलंही औषध आम्हाला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. मामांनी एकेक गोष्ट मला परत म्हणून दाखवली. एकही चुकली नाही. मग अंगठा लावला.

“आन हिचं?” त्यांनी मामीकडं बोट केलं. डॉक्टरांनी मामीचं रक्त तपासून घेतलं होतं. ते म्हणाले, “यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत. यांना आपली गोळी नाही देता येणार. यांनी आपल्या नेहमीच्याच गोळ्या घ्यायच्या.” बाहेर बाकावर मामांनी मला परत विचारलं, “तिला का न्हाई?” मी परत सांगितलं. ते मान हलवत राहिले. “कमजोर हाय. व्हय. कळलं.” मामी शेजारी पदरानं तोंड पुसत बसली होती. तिला गोळी मिळाली नाही याचं काडीचं दुःख तिला नव्हतं. तिला एस.टी. चुकेल याची काळजी होती.

त्यानंतर मामांनी एकही तारीख चुकवली नाही. कळप कधी वाळव्याच्या रानात, कधी कुंडलच्या माळाला, पण मामा दर महिन्याला सकाळी आमच्या दारात हजर. चाचणीतलीच, कुपवाडच्या कारखान्यात काम करणारी तरणी माणसं गाडी असून तारखा विसरायची. त्यांना फोन करकरून माझा घसा बसायचा. मामांना फोन करावा लागला नाही. रिकामी पाकिटं ते धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. चहा आला की अर्धा बशीत ओतून मला, बिनसाखरेचा, कारण मी सांगितलं होतं म्हणून त्यांनी साखर सोडली होती आणि आता मलाही सोडायला लावत होते. त्यांची साखर उतरत चालली होती. “खरं औषध मलाच मिळालंय बग,” ते बारीक आवाजात, कुणी ऐकेल म्हणून इकडंतिकडं बघत सांगायचे. “अंगात हुशारी आलीया.” मी म्हणायचे, “मामा, तसं कळत नसतं. तुमी गोड सोडलंय, त्यानं पण उतरती.” ते डोळे मिचकवायचे. मी मुद्दाम लपवते आहे असं त्यांना वाटायचं.

उन्हाळा लागायच्या सुमारास एका तारखेला मामांनी मामीला धरून आणलं. तिचा चेहरा सुजला होता, पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता, आणि पोटात पाणी ठरत नव्हतं. तिला तिथल्या तिथं दाखल केलं. डॉक्टर तपासताना म्हणाले, “काही वेगळं औषध घेतलं का? झाडपाला, पुडी, काही?” मामा पुढं आले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यात भीती नव्हती, उलट आपण हयगय केली नाही हे सांगण्याची घाई होती. “झाडपाला न्हाई साहेब. माज्यातली आर्धी देतोय की रोज. तुमचीच गोळी.”

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले, तेव्हा मामांना वाटलं आपलं नीट समजलं नाही. म्हणून त्यांनी सविस्तर सांगितलं. पहिल्या महिन्यातच त्यांना हुशारी आली. मग एकट्यानं घ्यायची म्हटल्यावर गोळी घशाखाली उतरेना. आणि डॉक्टरांनीच सांगितलं होतं, ती कमजोर आहे. मग कमजोराला आधी नको? सुपारीच्या अडकित्त्यानं ते रोज सकाळी गोळीचे दोन तुकडे करायचे आणि त्यातला मोठा वाटेल तो तिला द्यायचे. “आन पथ्य पाळलंय साहेब. ही गोळी चालू असताना दुसरं औषध घ्यायचं न्हाई म्हणून हिनं सांगितलं हुतं, तवा तिच्या सरकारी गोळ्या मी पयल्याच दिवशी बंद केल्या. एक सुदिक घिऊ दिली न्हाई.”

‘हिनं’ म्हणजे मी. मी सांगितलेलं एकही वाक्य ते विसरले नव्हते. माझ्या कामात याहून चांगलं ऐकणारा माणूस मला भेटला नाही, भेटणारही नाही. त्या दिवशी मी आमच्या औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून उभी राहिले, आणि इतकं रडले की शेजारच्या सिस्टरनं दार वाजवलं.

मामीवर उपचार करायचे तर तिच्या पोटात काय गेलं हे कळणं भाग होतं. अशा वेळी कुणाला कुठली गोळी दिली ते उघडून बघता येतं. दुपारपर्यंत कळलं. मामांची गोळी कोरी होती, औषध नसलेली. मी धावतच व्हरांड्यात गेले आणि त्यांना सांगितलं. मामांनी माझे दोन्ही हात धरले. “म्हंजे माज्या हातनं तिला काय झालं न्हाई?” मी म्हटलं, “गोळीनं काही झालं नाही मामा.” ते देवाचं नाव घेऊ लागले. बराच वेळ घेत होते. मग मध्येच थांबून, हिशोब न लागल्यासारखे म्हणाले, “पर मग मी तिला इतकं दीस दिलं काय?”

डॉक्टरांनी मला वेगळं सांगितलं होतं. मामीची मूत्रपिंडं आज ना उद्या दगा देणारच होती, पण साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या इतके महिने बंद झाल्या, म्हणून ती इतक्या लवकर निकामी झाली. मशीनवर रक्त शुद्ध करून बघितलं. एक-दोनदा मामीला बरंही वाटलं. अशाच एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते, मामा खाली आपल्या पोरांना फोन लावायला गेले होते. उभ्या आयुष्यात मामी माझ्याशी जेवढं बोलली नव्हती तेवढं त्या दुपारी बोलली.

“मला फरक न्हवता गं त्या गोळीनं,” ती म्हणाली. “पयल्या आठवड्यातच कळलं. जुन्या गोळ्या सुटल्या तवापास्नं पाय जड यायचं, डोसकं गरगरायचं.”

“मग मामी, सांगायचं न्हाईस?”

“कसं सांगायचं? सक्काळी उठून तोंड धुतलं की त्यांचं पयलं काम त्ये. गोळी आडकित्त्यानं फोडायची, दोनी हातावर घिऊन बगायची, आन मोठा तुकडा मला. सगळा जल्म त्यांनी मोठा तुकडा मला दिलाय. आता म्हातारपणी नगं म्हणू व्हय?” मग ती जरा दम घेऊन म्हणाली, “माज्या गोळ्या बंद झाल्या म्हणून ह्ये झालं, न्हवं? मला कळतंय की. त्यास्नी सांगू नगंस बाय. मरून जात्याल त्ये. आपलं वयानं झालं म्हणावं.”

मी ‘बरं’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मामी गेली तेव्हा मामा तिच्या पायाशी होते. मुलांनी गाडी करून तिला गावाकडं नेली. मेंढरं त्या दिवशी आमच्याच रानात होती, त्यांच्याजवळ आमचे आबा थांबले. जाताना मामांनी मला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला, आणि मला वाटलं, हा माणूस आता मला परत दिसणार नाही.

पण ते आले. चाचणीतून त्यांचं नाव केव्हाच कमी झालं होतं. तरी शेवटची तपासणी करून घ्या, असं मीच त्यांच्या मुलाला कळवलं होतं. मामा खंगले होते. रक्त दिलं, वजन दिलं, डॉक्टरांना नमस्कार केला. साखर थोडी वाढली होती, तिच्यावर आता खरी गोळी सुरू केली. मी त्यांना सोडायला एस.टी. स्टँडवर गेले. जतची गाडी लागायची होती. भर दुपार, फलाटावर ऊन आलेलं, आणि आम्ही दोघं एका कोपऱ्यात बाकावर बसलो. मी चहा आणला तर त्यांनी नको म्हटलं.

“एक विचारू का लेकी?” ते म्हणाले. “तिच्या जुन्या गोळ्यांचं काय झालं?”

मला कळलं. तरी मी म्हटलं, “काय झालं म्हणजे?”

“माजी गोळी मोकळी हुती, त्यानं काय झालं न्हाई, ह्ये तू सांगितलंस. पर तिच्या मी बंद केल्या. त्या मोकळ्या न्हवत्या. मग त्यानं झालं का?”

मी म्हटलं, “मामा, तिची मूत्रपिंडं आधीच कमजोर होती. वय झालं होतं.” हे खोटं नव्हतं, पण त्यांनी विचारलं होतं त्याचं ते उत्तरही नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं मामी होती, दम घेत बोलणारी. मी तिला शब्द दिला होता. समोर एक मोडलेला माणूस होता, त्याला आणखी मोडून कुणाचं काय भलं होणार होतं? मी मामांकडं बघायचं टाळलं आणि गाड्यांच्या पाट्या वाचत राहिले.

मामा रागावून नव्हे, अगदी सरळ आवाजात म्हणाले, “माजा आंगठा पायजे हुता तवा तू मला सगळं सांगितलंस. चांगलं बी, वाईट बी. मी विचारायच्या आदी सांगितलंस. आता आंगठा नगं म्हणून सांगत न्हाईस व्हय?”

आजवर माझ्या कामाबद्दल कुणी कुणी काय काय बोललं आहे. साहेबांनी बोलून घेतलं आहे, तपासायला आलेल्यांनी चुका काढल्या आहेत. पण इतकं लागेल असं कुणी बोललं नाही. मी मामांकडं वळले आणि सांगितलं. तिच्या गोळ्या बंद झाल्या, त्यामुळं ती लवकर गेली. ती जाणार होती, पण इतक्या लवकर नाही. तिलाही ते कळलं होतं, आणि तुम्हाला सांगू नको असं ती मला म्हणाली होती. तुम्ही दिलेला तुकडा तिला नको म्हणवला नाही.

मामांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. जतची गाडी लागली, माणसं धावली, भरली आणि गेली. ते उठले नाहीत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ नुसती हाडं होती. पुढची गाडी लागेपर्यंत आम्ही तसेच बसलो. कधीतरी त्यांनी मुंडाश्यानंच तोंड पुसलं.

“बरं केलंस,” ते म्हणाले. “रोज तिची माफी मागत हुतो. पर कशाची मागतोय त्येच ठावं न्हवतं. कशाची तरी मागितलेली माफी तिला पोचंल कशी? आता नीट मागतो.”

गेल्या पावसाळ्यात बिरूमामा गेले. मुलगा सांगायला आला होता. आबांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी मामीला दिलेला शब्द मोडला तो बरोबर का चूक, हे मी स्वतःला अजून विचारते. उत्तर येतं ते रोज वेगळं. पण स्टँडवरच्या त्या दुपारचं एवढं मात्र लख्ख आठवतं. पुढची गाडी लागल्यावर मी त्यांना हाताला धरून चढवलं. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. मी खालून हात केला, पण त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. गाडी मागं येऊन वळेपर्यंत मला ते दिसत होते. मान खाली, डोळे मिटलेले, आणि ओठ सारखे हलत होते. जतपर्यंतचा रस्ता लांबचा आहे. त्यांनी वाटेतच सुरुवात केली होती.